जीवाणूंच्या पटलांतील रेणवीय मोटर आणि पोषणद्रव्यांचे ग्रहण : 'टॉन' यंत्रणेचा परिचय

सारांश

ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या पेशीभोवती दोन पटले असतात. त्यांपैकी बाहेरच्या पटलाजवळ स्वतःची ऊर्जा नसते. तरीही लोहाची संयुगे, जीवनसत्त्व बी-१२ यांसारखी मोठी व दुर्मिळ पोषणद्रव्ये याच पटलातून उताराविरुद्ध आत ओढून घ्यावी लागतात. आतल्या पटलातील प्रोटॉन-प्रवाहावर चालणारी एक रेणवीय मोटर हे काम करते. तिला 'टॉन' यंत्रणा असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या यंत्रणेची गरज, तिचा शोध, रचना व कार्यपद्धती यांचे विवेचन केले असून प्रतिजैविकांच्या आणि लोह-चिकित्सेच्या संदर्भात तिचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : ग्रॅम-ऋण जीवाणू, बाह्य पटल, सिडेरोफोर, प्रोटॉन-चालक बल, टॉनबी, प्रतिजैविक-रोध

१. प्रस्तावना

सजीव म्हटला की त्याला अन्न लागते आणि अन्न आत घेण्यासाठी कोठेतरी दार ठेवावे लागते. दार ठेवले की त्यातून नको ते आत येण्याची जोखीमही पत्करावी लागते. बहुपेशीय प्राण्यांत हा प्रश्न मुख, आतडे, त्वचा आणि प्रतिकारसंस्था अशा अनेक इंद्रियांमध्ये विभागला गेला आहे. जीवाणूच्या बाबतीत मात्र एका मायक्रोमीटरच्या आसपास रुंदी असलेल्या एकाच पेशीला तो सोडवावा लागतो. संरक्षणासाठी उभारलेली भिंत जितकी भक्कम, तितका उपासमारीचा धोका अधिक; आणि भिंतीला जितकी छिद्रे, तितका विषाचा धोका अधिक. या पेचातून ग्रॅम-ऋण जीवाणूंनी जो मार्ग काढला आहे, तो जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासकांइतकाच भौतिकशास्त्र, वैद्यक आणि कृषिविज्ञान या शाखांच्या अभ्यासकांनाही विचार करावयास लावणारा आहे.

विषय तांत्रिक असला तरी त्याचा संबंध रुग्णालयातील खाटेपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून विज्ञानेतर शाखांतील वाचकांनाही तो समजावा, या दृष्टीने येथे मांडणी केली आहे.

२. दोन पटलांची तटबंदी

डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये जीवाणू रंगविण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, तर काही तो सोडून देतात. रंग सोडणाऱ्यांना ग्रॅम-ऋण जीवाणू म्हटले जाते. या फरकामागील कारण पेशीच्या आवरणात आहे, हे पुढे स्पष्ट झाले. ग्रॅम-ऋण जीवाणूंना एक आतले व एक बाहेरचे अशी दोन पटले असतात. त्या दोहोंमधील अवकाशाला पेरिप्लाझम म्हणतात. या अवकाशात पेप्टिडोग्लायकन या पदार्थाची पातळ पण चिवट जाळी असते. मोठ्या आतड्यात राहणारा एश्चेरिशिया कोलाय, विषमज्वराचा साल्मोनेला, रुग्णालयांत न्यूमोनियास कारण होणारे क्लेब्सिएला व अॅसिनेटोबॅक्टर हे सर्व याच गटातील होत.

बाह्य पटलाचा बाहेरचा थर लिपोपॉलिसॅकराइड या रेणूंनी घट्ट विणलेला असतो. त्यामुळे पित्तरस, साबणासारखे पदार्थ आणि अनेक प्रतिजैविके यांना तो सहजी दाद देत नाही. या पटलात पोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्या असतात. त्यांतून सुमारे ६०० डाल्टनपर्यंत रेणुभार असलेले लहान, जलस्नेही रेणू केवळ विसरणाने आत येऊ शकतात. साधी शर्करा, अमिनो आम्ले व क्षार यांची सोय येथवर होते. परंतु जीवनसत्त्व बी-१२ चा रेणुभार सुमारे १,३५५ डाल्टन आहे आणि लोह वाहून आणणारे रेणूही बहुधा या मर्यादेपलीकडचे असतात. ते पोरिनच्या नळीत मावत नाहीत. शिवाय ही द्रव्ये परिसरात इतकी विरळ असतात की केवळ विसरणावर विसंबून राहिल्यास पेशी उपाशी राहील.

३. लोहाची विपुलता आणि दुर्भिक्ष

लोह हे भूकवचातील विपुल मूलद्रव्यांपैकी एक आहे. आपल्या सह्याद्रीच्या जांभ्या दगडाचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळेच आलेला असतो. असे असूनही बहुसंख्य सूक्ष्मजीवांना लोहाची टंचाई सतत जाणवते. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. हवेतील ऑक्सिजनच्या सान्निध्यात लोह फेरिक अवस्थेत जाते आणि उदासीन सामू असलेल्या पाण्यात ते गंजाच्या रूपाने खाली बसते. अशा एक लिटर पाण्यात उरणाऱ्या मुक्त फेरिक आयनांची संख्या सुमारे सहा लाख इतकीच भरते. एश्चेरिशिया कोलायच्या एका पेशीत साधारणतः एक लाख ते दहा लाख लोह-अणू असतात. म्हणजे एका लिटरमधील सारे मुक्त फेरिक आयन एका जीवाणूलाही जेमतेमच पुरावेत. लोहाची हायड्रॉक्साइडयुक्त विद्राव्य रूपे हिशेबात धरली तरी ही टंचाई दूर होत नाही.

या टंचाईवर जीवाणूंनी योजलेला उपाय म्हणजे सिडेरोफोर, अर्थात लोहवाहक रेणू. जीवाणू हे लहान रेणू स्वतः तयार करून बाहेर सोडतो. ते लोहाचा अणू चारी बाजूंनी कवटाळतात आणि मग त्या लोहयुक्त रेणूला जीवाणू परत आत घेतो. बुरशीतील फेरिक्रोम हा अशा प्रकारचा रेणू जे. बी. नीलँड्स यांनी १९५२ मध्ये वेगळा केला. एश्चेरिशिया कोलाय व साल्मोनेला यांच्या कुळातील एंटेरोबॅक्टिन हा रेणू १९७० मध्ये दोन स्वतंत्र संशोधक-गटांनी शोधला. त्याची लोहाशी असलेली जवळीक विलक्षण आहे. तिचा स्थिरांक १ वर ४९ शून्ये इतका मोठा आहे. काचेला चिकटलेले लोहही तो ओढून काढू शकतो.

परंतु लोह मिळविणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. मिळविलेले लोह बाह्य पटलाच्या आत कसे आणावयाचे, हा उरलेला अर्धा भाग आहे.

४. ऊर्जेचा पेच

कोणताही पदार्थ विरळ जागेकडून दाट जागेकडे न्यावयाचा असेल तर ऊर्जा खर्च करावी लागते. विहिरीतून पाणी वर काढण्यासारखेच हे आहे. पेशीत अशी ऊर्जा मुख्यत्वे दोन रूपांत उपलब्ध असते. एक म्हणजे एटीपी हा रेणू आणि दुसरे म्हणजे आतल्या पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा उतार. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार श्वसनक्रियेत प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात आणि परत आत येण्याच्या त्यांच्या ओढीतून पेशी काम करून घेते. या ओढीला प्रोटॉन-चालक बल म्हणतात. या कार्यासाठी मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या बलाचे मान सुमारे १५० मिलिव्होल्ट धरले तर ते क्षुल्लक वाटेल. परंतु पटलाची जाडी अवघी पाच नॅनोमीटरच्या आसपास असते. त्या जाडीने भागले असता दर सेंटिमीटरला सुमारे तीन लाख व्होल्ट इतके तीव्र विद्युत-क्षेत्र निघते. एक मोल प्रोटॉन या उतारावरून खाली आले तर सुमारे १४ ते १५ किलोज्यूल ऊर्जा मिळते.

अडचण अशी की ही दोन्ही साधने आतल्या पटलापाशी आहेत. बाह्य पटलात पोरिनची कायमची उघडी छिद्रे असल्यामुळे तेथे प्रोटॉनांचा उतार टिकत नाही. पेरिप्लाझममध्ये एटीपीही नसते. म्हणजे जेथे काम करावयाचे आहे तेथे ऊर्जा नाही, आणि जेथे ऊर्जा आहे ती जागा सुमारे वीस नॅनोमीटर दूर आहे. हे अंतर आपल्या मोजमापात नगण्य असले तरी प्रथिन-रेणूच्या दृष्टीने ते स्वतःच्या आकाराच्या कित्येक पट आहे. विजेची मोटर घरात आणि रहाट अंगणापलीकडे अशी ही स्थिती आहे. दोहोंना जोडणारा दांडा हवा. तो दांडा म्हणजे टॉनबी हे प्रथिन.

५. शोधाचा मार्ग

या प्रथिनाचा शोध पोषणाच्या अभ्यासातून लागला नाही, तर विषाणूंच्या अभ्यासातून लागला. १९४३ मध्ये साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी जीवाणूंमधील उत्परिवर्तनासंबंधी एक प्रसिद्ध प्रयोग केला. पुढे टी-१ या नावाने ओळखला गेलेला जीवाणुभक्षक विषाणू त्यांनी वापरला होता. विषाणूचा संसर्ग होण्यापूर्वीच काही जीवाणूंत योगायोगाने प्रतिरोध निर्माण झालेला असतो, हे त्यांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने सिद्ध केले. १९६९ च्या नोबेल पारितोषिकात या कार्याचा वाटा होता.

टी-१ ला दाद न देणाऱ्या उत्परिवर्ती जीवाणूंच्या जनुकांना 'टी-वन' या उच्चारावरून 'टॉन' हे नाव पडले. त्यांपैकी 'टॉनए' हे जनुक विषाणू ज्याला चिकटतो त्या बाह्य पटलातील प्रथिनाचे निघाले. त्याचे खरे काम फेरिक्रोम आत घेणे हे आहे आणि आज ते एफएचयूए या नावाने ओळखले जाते. 'टॉनबी' जनुकाचे प्रकरण अधिक गूढ होते. ते बिघडले की टी-१ चा संसर्ग तर थांबतोच, पण लोह व जीवनसत्त्व बी-१२ यांचे ग्रहणही एकाच वेळी थांबते. १९७६ मध्ये हॅनकॉक व ब्राउन यांनी दाखवून दिले की टी-१ विषाणू जीवाणूला कायमचा चिकटण्यासाठी टॉनबी आणि ऊर्जाभारित पटल या दोहोंची आवश्यकता असते. याच ग्राहीचा उपयोग करणारा टी-५ हा विषाणू मात्र टॉनबीशिवाय आपले काम साधतो. म्हणजे ग्राही एकच असला तरी तो ऊर्जेने 'जागा' होणे ही स्वतंत्र पायरी आहे, असा निष्कर्ष निघाला.

टॉनबीच्या दोन सहकाऱ्यांचे, एक्सबीबी व एक्सबीडी यांचे, नावही असेच आडमार्गाने आले आहे. कोलिसिन-बी या विषाला अटकाव करणारा एक पदार्थ काही उत्परिवर्ती जीवाणू मोठ्या प्रमाणात बाहेर टाकीत असल्याचे आढळले होते. तो पदार्थ म्हणजे एंटेरोबॅक्टिनच होता. लोह आत घेता येत नसल्यामुळे उपाशी जीवाणू लोहवाहक रेणूंची भरमसाट निर्मिती करीत होता, हा त्यामागील अर्थ नंतर उलगडला.

६. यंत्रणेची रचना

६.१ बाह्य पटलातील ग्राही : एफएचयूए ची त्रिमितीय रचना १९९८ मध्ये दोन संशोधक-गटांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने निश्चित केली. एंटेरोबॅक्टिन घेणाऱ्या एफईपीए ची रचना १९९९ मध्ये, तर बी-१२ घेणाऱ्या बीटीयूबी ची २००३ मध्ये उपलब्ध झाली. या सर्वांची घडण सारखी आहे. बावीस पट्ट्यांनी बनलेले एक पिंप पटलात आरपार बसलेले असते आणि त्याच्या आत, बाटलीला बूच बसावे तसे, त्याच प्रथिनाचा एक गोलसर भाग बसलेला असतो. पिंप पुरेसे रुंद असते. वाट अडलेली असते ती बुचामुळे. बाहेरून पोषणद्रव्य येऊन योग्य जागी बसले की बुचाच्या आतील टोकाकडील काही अमिनो आम्लांचा छोटा पट्टा पेरिप्लाझमच्या दिशेने मोकळा होतो. त्याला टॉनबी-पेटी असे संबोधले जाते. 'माल आला आहे' असा हा आतल्यांना दिलेला संकेत होय.

६.२ दांडा : टॉनबी हे प्रथिन एका टोकाने आतल्या पटलात रोवलेले असते. त्याचा मधला भाग प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध असल्याने लांब व ताठर राहतो, तर दुसरे टोक ग्राहीच्या टॉनबी-पेटीला पकडते. ही पकड कशी असते हे २००६ मध्ये बीटीयूबी व एफएचयूए या दोहोंच्या बाबतीत प्रत्यक्ष रचनेवरून दिसून आले. टॉनबीचा एक पट्टा पेटीच्या पट्ट्याशी शेजारी-शेजारी जुळतो. अशा जोडणीला लांबीच्या दिशेने ओढले तरी ती सहजी सुटत नाही, हे येथे महत्त्वाचे आहे.

६.३ मोटर : एक्सबीबी आणि एक्सबीडी ही दोन प्रथिने मिळून आतल्या पटलातील मोटर बनते. तिच्यात कोणते प्रथिन किती संख्येने असते यावर बराच काळ मतभेद होता. २०१६ मधील स्फटिक-रचनेत पाच एक्सबीबी दिसले. २०१८ मधील एका अभ्यासात सहाही आढळले. २०१९ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेल्या अभ्यासात पाच एक्सबीबींचे कडे आणि त्यांच्या पोकळीत दोन एक्सबीडी अशी रचना स्पष्ट झाली. एक्सबीडी मधील पंचविसाव्या स्थानावरील अॅस्पार्टिक आम्ल प्रोटॉन पकडते व सोडते. ते एक अमिनो आम्ल बदलले तर सारी यंत्रणा बंद पडते.

७. कार्यपद्धती : काय निश्चित, काय अनिर्णित

यंत्रणेच्या कार्याचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

(अ) पोषणद्रव्य बाहेरील बाजूने ग्राहीत येऊन बसते व टॉनबी-पेटी मोकळी होते. (आ) टॉनबी ती पेटी पकडते. (इ) आतल्या पटलातून प्रोटॉन आत येताना एक्सबीबी-एक्सबीडी मोटर हालचाल करते. (ई) ती हालचाल टॉनबीच्या दांड्यामार्फत बाह्य पटलापर्यंत पोहोचते आणि ग्राहीतील बूच अंशतः उलगडते किंवा सरकते. (उ) निर्माण झालेल्या वाटेने पोषणद्रव्य पेरिप्लाझममध्ये उतरते. (ऊ) तेथे वाहक-प्रथिन त्याला पकडते आणि आतल्या पटलातील वेगळी यंत्रणा एटीपी खर्चून त्याला पेशीत नेते.

यांपैकी पहिल्या दोन व शेवटच्या टप्प्यांविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. मधल्या टप्प्यांविषयी मात्र दोन मते आहेत. एका मतानुसार टॉनबी दोरीप्रमाणे बूच ओढतो. बीटीयूबी वर केलेल्या बलमापनाच्या प्रयोगांत टॉनबीला ओढले असता पकड सुटण्याआधीच बुचाचा काही भाग उलगडतो, असे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. हा या मताला मोठा आधार आहे. दुसऱ्या मतानुसार मोटर प्रत्यक्ष फिरते आणि त्या फिरण्यातून पीळ अथवा ओढ निर्माण होते.

फिरण्याच्या कल्पनेमागे एक साधी भूमिती आहे. पाच एक्सबीबींच्या कड्यात समान जागा ७२ अंशांच्या अंतराने येतात, तर आतील दोन एक्सबीडी परस्परांच्या समोर, १८० अंशांवर असतात. १८० ला ७२ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे एका क्षणी दोहोंपैकी एकच एक्सबीडी योग्य जागी येऊ शकतो. त्याचे काम झाले की ३६ अंशांच्या फिरण्याने दुसरा योग्य जागी येतो. अशा रीतीने आळीपाळीने प्रोटॉन घेत मोटर एकाच दिशेने पुढे सरकू शकते. या तर्काला बळकटी येते ती जीवाणूंच्या कशाभिकेवरून, म्हणजे पोहण्याच्या शेपटीवरून. कशाभिका फिरते, हे १९७३-७४ मध्येच सिद्ध झाले होते. तिला फिरविणाऱ्या मोटए व मोटबी या प्रथिनांची रचनाही पाचास दोन अशीच असल्याचे २०२० मध्ये दिसून आले. बाह्य पटलाची अखंडता राखणारी 'टोल' यंत्रणाही याच कुळातील आहे. म्हणजे पोहणे, खाणे आणि आवरणाची डागडुजी ही तीन भिन्न कामे जीवाणू एकाच घडणीच्या मोटरींकडून करवून घेतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या चित्रात महत्त्वाची भर घातली. एक्सबीडी चा पेरिप्लाझममधील भाग मिटलेल्या व उघड्या अशा दोन अवस्थांत बदलत राहतो. उघड्या अवस्थेत तो टॉनबीला सुव्यवस्थित रूप देतो. आणि पेप्टिडोग्लायकनची जाळी या हालचालीत नांगरासारखा आधार पुरविते, असे त्यात दाखविले आहे. ओढण्यासाठी पाय रोवावयास जागा लागते. ज्या जाळीकडे आजवर केवळ पेशीला आकार देणारा सांगाडा म्हणून पाहिले गेले, ती यंत्राचाच एक भाग ठरते, असा याचा अर्थ होतो.

येथे आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. बाह्य पटलातील ग्राहींच्या तुलनेत टॉनबीची संख्या फारच कमी असते. अनेक दारे आणि थोडे द्वारपाल अशी ही व्यवस्था असल्याने ज्या दाराशी माल आला आहे तेथेच द्वारपालाने जाणे किफायतशीर ठरते. टॉनबी-पेटीच्या संकेताचे प्रयोजन यातून उमगते.

८. एकाच दारातून येणारे मित्र व शत्रू

जेथे दार आहे तेथे आगंतुकही येणार. टी-१ विषाणूचा उल्लेख वर आलाच आहे. एकमेकांशी स्पर्धा करणारे जीवाणू जी कोलिसिन नावाची विषे सोडतात, त्यांपैकी अनेक विषे टॉन यंत्रणेच्याच बळावर प्रतिस्पर्ध्याच्या पेशीत शिरतात. अल्बोमायसिन हे निसर्गनिर्मित प्रतिजैविक तर फेरिक्रोमसारखे रूप घेऊन येते. जीवाणू लोह समजून विष गिळतो.

निसर्गाची ही युक्ती मानवानेही उचलली आहे. सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक सेफॅलोस्पोरिन गटातील असून त्याच्या रेणूला लोह पकडणारा कॅटेकॉल हा गट जोडलेला आहे. लोहाची वाट पाहणारा जीवाणू आपल्या टॉन यंत्रणेने ते आत ओढून घेतो. या औषधाचे लक्ष्य, म्हणजे पेप्टिडोग्लायकन विणणारे विकर, पेरिप्लाझमच्या बाजूसच असते. त्यामुळे आतले पटल ओलांडण्याची त्याला गरज पडत नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि युरोपीय संघात २०२० मध्ये त्यास मान्यता मिळाली.

या औषधाचे मोल समजण्यासाठी पार्श्वभूमी ध्यानी घ्यावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत कार्बापेनेम या प्रभावी औषधांनाही न जुमानणारे अॅसिनेटोबॅक्टर आणि एश्चेरिशिया-क्लेब्सिएला कुळातील जीवाणू अत्यंत गंभीर श्रेणीत आहेत. भारतातील अतिदक्षता विभागांत हे जीवाणू नित्याचे झाले आहेत. बाह्य पटलाची तटबंदी हे त्यांच्या चिवटपणाचे एक प्रमुख कारण आहे; आणि त्या तटबंदीतून औषध आत नेणारी वाट जीवाणूने स्वतःच खुली ठेवली आहे. मात्र या वाटेलाही मर्यादा आहेत. सीआयआरए सारख्या ग्राहीचे जनुक बिघडलेले जीवाणू सेफिडेरोकॉलला कमी दाद देतात, असे रुग्णांपासून मिळालेल्या जीवाणूंत आढळले आहे. एक दार बंद करून जीवाणू दुसऱ्या दाराने लोह मिळवू शकतो. लुरिया व डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये परीक्षानळीत पाहिलेला न्याय आजच्या रुग्णालयातही तसाच लागू आहे. टॉनबी किंवा मोटर मात्र सर्व दारांना सामाईक आहे. म्हणूनच एखाद्या ग्राहीऐवजी मोटरच बंद पाडणारे औषध शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.

९. मानवी शरीर : लोहासाठी रस्सीखेच

संसर्गाच्या वेळी मानवी शरीर जीवाणूंपासून लोह लपविते. रक्तातील ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह इतके घट्ट धरते की मुक्त लोह जवळजवळ उरतच नाही. संसर्ग होताच हेप्सिडिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढून रक्तातील लोह आणखी घटते. एंटेरोबॅक्टिन पकडून निकामी करणारे लिपोकॅलिन-२ हे प्रथिनही आपल्या शरीरात आहे. त्यावर साल्मोनेलासारखे जीवाणू एंटेरोबॅक्टिनला शर्करा जोडून त्याचा आकार बदलतात आणि ही पकड चुकवितात. मेंदूज्वर व परमा यांस कारण होणारे नायसेरिया जीवाणू तर लोहवाहक रेणू तयार करण्याच्या फंदात न पडता थेट मानवी ट्रान्सफेरिनमधूनच लोह उपसतात. या प्रत्येक डावाच्या शेवटी ओढणारा हात टॉन यंत्रणेचाच असतो.

या रस्सीखेचीचा एक मनाला चटका लावणारा परिणाम थॅलेसेमियाच्या चिकित्सेत दिसून येतो. वारंवार रक्त द्यावे लागल्याने या रुग्णांच्या शरीरात लोह साठते व ते काढण्यासाठी डेस्फेरिऑक्झामिन हे औषध दिले जाते. हे औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस या मातीतील जीवाणूने बनविलेला सिडेरोफोरच आहे. यर्सिनिया एंटेरोकोलिटिका या जीवाणूचे काही प्रकार स्वतः सिडेरोफोर बनवू शकत नाहीत. पण डेस्फेरिऑक्झामिनने धरलेले लोह घेण्यासाठी त्यांच्यापाशी एफओएक्सए हा टॉनबी-आश्रित ग्राही आहे. परिणामी रुग्णाचे लोह कमी करण्यासाठी दिलेले औषध या जीवाणूला लोह पुरवू लागते. म्हणूनच हे औषध घेणाऱ्या रुग्णाला ताप, पोटदुखी व जुलाब झाल्यास ते तात्पुरते थांबवून यर्सिनियाची शंका घ्यावी, असे चिकित्सकांना सांगितले जाते. मूलभूत संशोधनाचा रुग्णाच्या जिवाशी असा थेट संबंध असतो.

तथापि यावरून लोहाच्या गोळ्या टाळाव्यात असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. त्यावर लोहाची पूर्ती हा आवश्यक उपाय आहे. गंभीर संसर्ग चालू असताना लोह केव्हा व कोणत्या मार्गाने द्यावे, हा प्रश्न मात्र चिकित्सकाने विचारपूर्वक सोडवावयाचा आहे.

१०. आतडे आणि शेती

टॉन यंत्रणा केवळ रोगाशी निगडित आहे असे नव्हे. आपल्या आतड्यातील बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन या सहजीवी जीवाणूत टॉनबी-आश्रित ग्राहींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. भाज्या व धान्यांतील ज्या जटिल शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्यांचे तुकडे हा जीवाणू या ग्राहींमार्फत आत घेतो. २०१७ मध्ये स्पष्ट झालेल्या रचनेनुसार या ग्राहीवर पायाने उघडावयाच्या कचरापेटीसारखे झाकण असते. ते उघडते, माल पकडते व मिटते.

शेतीच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील शेतकरी जैविक रोगनियंत्रणासाठी स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जीवाणू वापरतात. त्याला हे नाव ज्या पिवळसर-हिरव्या चकाकीमुळे मिळाले, ती चकाकी पायोव्हर्डिन या सिडेरोफोरची असते. मुळांभोवतीचे लोह पायोव्हर्डिनने बांधून टाकावयाचे व रोगकारक बुरशीला लोहावाचून ठेवावयाचे, ही त्याच्या उपयुक्ततेमागील कारणांपैकी एक आहे. बांधलेले लोह तो स्वतः मात्र टॉन यंत्रणेने परत मिळवितो.

११. समारोप

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे स्पष्ट होतात. पहिला, ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य पटलाने संरक्षण आणि पोषण यांतील विरोध ऊर्जा-चालित, निवडक दारांच्या साहाय्याने सोडविला आहे. दुसरा, या दारांना लागणारी ऊर्जा आतल्या पटलातील पाच-दोन घडणीची मोटर पुरविते आणि टॉनबी ती बाह्य पटलापर्यंत पोहोचवितो. तिसरा, मोटरची घडण बऱ्याच अंशी कळली असली तरी ती फिरते, ओढते की दोन्ही करते, याचा अंतिम निर्णय अद्याप लागलेला नाही. चौथा, ही यंत्रणा जीवाणूचे बलस्थान आहे आणि मर्मस्थानही आहे. कारण लोहाशिवाय त्याला राहता येत नाही, आणि लोहासाठी दार उघडले की औषधालाही वाट मिळते.

१९४३ मध्ये टी-१ विषाणूवर काम करणाऱ्यांच्या मनात लोह नव्हते, आणि सिडेरोफोर शोधणाऱ्यांच्या मनात प्रतिजैविके नव्हती. तरीही या दोन वाटा एकत्र आल्या तेव्हाच आजचे औषध शक्य झाले. कोणत्या संशोधनाचा उपयोग काय, असा प्रश्न विचारण्याची घाई करणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवणे उचित ठरेल.